अंगावरचं त्यांचं, अंगणातलं आपलं

रविवारची संध्याकाळ, रंकाळ्याची चौपाटी. भेळेच्या गाडीसमोर कठड्यावर दोन परदेशी मुली बसल्या होत्या. एकीची अर्धी चड्डी, दुसरीचा बिनबाह्यांचा शर्ट. हातात भेळेचे कागद, तिखटानं डोळ्यांत आलेलं पाणी आणि तोंडभर हसू. पाच हातांवर चार पोरं मोबाईल धरून त्यांचा व्हिडिओ काढत होती, न विचारता. मुलींनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग भेळ तशीच हातात धरून पाठ फिरवून बसल्या. हसू गेलं होतं.

माझ्याबरोबर तात्या होते. आमच्याच गल्लीतले, वयानं मोठे, दिल्या शब्दाला जागणारे. पोरांना ते काही बोलले नाहीत. मुलींकडे बघून म्हणाले, "आमच्यात आल्यावर आमच्यासारखं ऱ्हावं की. काय रीत हाय का न्हाई?"

शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचलो तेव्हा तात्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांची लेक जर्मनीत असते. व्हिडिओ तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या मिरवणुकीचा. बायकांना नऊवारी, नाकात नथ, डोक्याला फेटा, हातात लेझीम. बाजूच्या फरसबंदीवर उभी राहून गोरी माणसं बघतायत. तात्यांचा आवाज जड झाला. "सात वर्सं झाली बघा तिकडं जाऊन. पर पोरीनं आपलं काय सोडलं न्हाई."

मी विचारलं, "तात्या, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्यानं तिला म्हटलं, आमच्यात आल्यावर आमच्यासारखं राहा, तर?"

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्ये येगळं."

काय वेगळं, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांचं प्रेम खोटं नाही, लेकीचा अभिमानही खोटा नाही. पण एकाच मोजपट्टीनं दोन मापं निघत असतील तर पट्टीत खोट आहे, आणि आज घरोघरी हीच पट्टी आहे. आपली माणसं परदेशात आपलेपण टिकवतात, परकी माणसं आपल्याकडे येऊन माज करतात, असं आपण सहज बोलून जातो. दुसऱ्या कुठल्या गावानं हे बोललं असतं तर मी सोडून दिलं असतं. कोल्हापूरनं बोलू नये. या गावानं याची परीक्षा एकदा दिली आहे, आणि चांगल्या गुणांनी दिली आहे.

ती परीक्षा वळिवड्यात झाली. मिरजेच्या रेल्वेमार्गालगत, पंचगंगेजवळ. १९४३ ते १९४८ ही पाच वर्षं तिथे पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात लढायला गेलेले. भारतातली ही पोलिश लोकांची सगळ्यात मोठी वसाहत. जामनगरजवळच्या बालाचडीच्या पोलिश मुलांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. वळिवड्याची गोष्ट खुद्द कोल्हापुरातल्या कॉलेजच्या पोरांना विचारा, दहातल्या दोघांना सांगता आली तरी मला आनंद होईल.

ही माणसं सहलीला आली नव्हती. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सरकारनं त्यांना घरांतून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं. १९४१ च्या जुलैत पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाला आणि सुटकेची वाट उघडली. १९४२ मध्ये त्यांच्यातले हजारो लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. अंगावर उवा, अंगात टायफस, बरोबर आणलेली बोचकी कुजलेली.

कपड्यांवर बोलणाऱ्या प्रत्येकानं पहलवीचा किनारा डोळ्यांसमोर आणावा. रोग पसरू नये म्हणून तिथे या लोकांचे केस कापले, आंघोळी घातल्या आणि अंगावरचे कपडे जाळले. घरून निघताना घातलेला कोट, आईनं विणलेला स्वेटर, लेकराचं टोपरं, सगळं आगीत. त्यानंतर त्यांच्या अंगावर जे आलं ते मदतीत मिळालेलं, कोणाच्या तरी मापाचं. तेच घालून ही माणसं पुढे कराचीमार्गे आपल्याकडे आली.

आता वळिवड्याच्या बराकीतली बाई बघा. कौलारू छप्पर, पुढे पडवी, आत बेताच्या खोल्या. मुलांच्या डोक्यावर उन्हासाठी सोला हॅट. आणि ती बाई सणासाठी मुलीचा झगा शिवते आहे, तिच्या गावाकडच्या धर्तीचा, कडेला रंगीत फीत लावून. तिला कोण म्हणेल, बाई गं, आता तू करवीर संस्थानात आलीस, नऊवारी नेस? तिच्या अंगावरचं सगळं एकदा जळून गेलं होतं. पुन्हा शिवून घेतलेला तो झगा म्हणजे तिला राहिलेला देश होता.

आणि कोल्हापूरनं तिला तसं म्हटलं नाही. छावणीत शाळा पोलिश, प्रार्थना पोलिश, सण पोलिश, नाच पोलिश. चर्च होतं, दवाखाना होता, बालवीरांची पथकं होती. नऊवारीच्या मुलखात गुडघ्यापर्यंतच्या झग्यातल्या गोऱ्या बायका बाजाराला निघाल्या की माना वळल्या असणारच, माणसाचा स्वभाव आहे तो. पण बघणं वेगळं आणि ‘बदल’ म्हणणं वेगळं. आसपासच्या गावांतली माणसं अंडी, केळी, भाजी घेऊन छावणीत जायची. व्यवहार व्हायचा. त्याला दोघांनाही येणारी भाषा लागत नाही, बोटं पुरतात.

त्या पोलिश माणसांतले काही इथेच मेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. काहीजणी इथे लग्न करून राहिल्याही. बाकीचे १९४८ पर्यंत गेले, पण पुष्कळांना पोलंडला जाता आलं नाही, कारण युद्धानंतर सरहद्दच सरकली आणि त्यांची गावं दुसऱ्या देशात गेली. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. तिथून ऐंशी-नव्वदीच्या वयात, काठी टेकत, वळिवडं बघायला आलेले लोक आपण २०१९ मध्ये पाहिले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा त्यांनी त्याला फुलं वाहिली. एका शहराचं नाव दुसऱ्या देशाच्या राजधानीत दगडावर कोरलं जातं, ते त्या शहरानं पाहुण्यांना राहू दिलं म्हणून. पाहुण्यांना आपल्यासारखं करून घेतलं म्हणून नव्हे.

आणि त्या बराकींचं पुढे काय झालं? फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे उतरली आणि त्या वसाहतीचं गांधीनगर झालं. होय, तेच गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. कोल्हापूर जिल्ह्यात आणि खाली कर्नाटकात शालू, पैठण्या, सफारीची कापडं जातात ती पुष्कळशी या बाजारातून. एका परक्या माणसानं सोडलेल्या छपराखाली दुसरा निर्वासित आला आणि त्यानं आपल्याला कपडे पुरवले. वऱ्हाडी कपडे घेऊन टेंपोत बसताना पायाखालच्या जमिनीचा हा इतिहास एकदा तरी आठवावा.

आता उलट बाजू. आपला माणूस परदेशी गेला तेव्हा.

१८७० साली करवीरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय वीस. परतताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. त्या शहरात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. तरी तिथल्या कारभाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर महाराजांना हिंदू रीतीनं अग्नी दिला. संगम हवा, हे फ्लॉरेन्सला कळलं. पुढे तिथे छत्री उभारली, ती मेजर चार्ल्स मँटनं आखलेली. आपला नवा राजवाडाही मँटचाच. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, डोक्यावर पगडी, गळ्यात मोती. जवळच्या पुलाला तिथले लोक अजून भारतीयाचा पूल म्हणतात. युरोपातल्या थंडीत आमच्या राजानं पगडी ठेवली आणि एका कॅथलिक शहरानं ती दगडात जपली. हे आपल्याला गोड वाटतं ना? मग अर्ध्या चड्डीवर जीभ का उचलते?

आनंदीबाई जोशींची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, साडीत गेल्या आणि साडीतच डॉक्टर झाल्या. १८८५ च्या ऑक्टोबरातला त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पेहरावातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी एका ओळीत, कॉलेजच्या समारंभात. पण एक बारीक गोष्ट निसटते. आनंदीबाईंनी तिकडे नऊवारी सोडून गुजराती धर्तीची साडी नेसायला सुरुवात केली होती, कारण नऊवारीत पाय उघडे राहतात. तिथल्या लोकांच्या नजरेचा आणि तिथल्या थंडीचा विचार करून त्यांनी नेसण बदललं, साडी ठेवली. एवढ्या तरुण मुलीला हे कळलं. स्वतःचं काय सोडायचं नाही आणि यजमानासाठी काय सरकवायचं, हे तिनं एकटीनं ठरवलं. आणि १८८६ मध्ये तिला डॉक्टर म्हणून नेमायला पुढे आलं ते कोल्हापूर संस्थान, आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या बायकांच्या विभागासाठी. ते काम हाती घ्यायला ती वाचली नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. परमुलखात राहणाऱ्याच्या अंगावर काय आहे, ते त्याचं. अंगणात तो कसा वागतो, ते यजमानाचं. अंगावरच्यासाठी त्याला कोणी टोकू नये आणि अंगणातल्यासाठी त्यानं ऐकून घ्यावं.

कोल्हापूरला तर कमी कपड्यांची लाज कोणी शिकवू नये. गंगावेस तालमीत, मोतीबाग तालमीत पहाटे लंगोटावर उभा असलेला पैलवान बघा. अंगाला लाल माती, खाली नुसता लंगोट. त्याला कोणी नागडा म्हणत नाही, आपण त्याच्या पाया पडतो. खासबागेत हजारो माणसं त्याला डोळे भरून बघतात. कपडा किती, यावर आपण तिथे मोजत नाही. कसरत किती, यावर मोजतो. मग त्या मुलीला मोजताना वेगळं माप का काढता?

देवळाचं म्हणाल तर ते घर आहे आणि घराचा नियम पाळावा. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीनं २०२५ च्या मे महिन्यात अंबाबाई आणि जोतिबाच्या देवळांसाठी पोशाखाचा नियम केला. परदेशी पाहुण्यानं महाद्वारातून आत जाताना खांदे, गुडघे झाकावेत, चप्पल बाहेर काढावी. यात कोणाचा अपमान नाही. तालमीत पैलवानाचा फोटो काढायचा तर वस्तादांना विचारावं. कोणाच्या उंबऱ्यातून आत बूट नेऊ नयेत. हे झालं अंगणातलं, त्याबद्दल सरळ, चांगल्या शब्दांत सांगावं. पण महाद्वार रोड म्हणजे देऊळ नाही, रंकाळा म्हणजे गाभारा नाही. रस्त्यावर देवळाचा नियम लावणारा माणूस देवळाचंही नुकसान करतो.

आणि यजमान म्हणून आपलं अंगण? परदेशी माणूस चप्पल घ्यायला आला की भाव दुप्पट सांगणारी दुकानं मी पाहिली आहेत. परवानगीशिवाय पोरींचे व्हिडिओ काढणारी पोरं तर त्या रविवारी पाहिलीच. चार जणांतला एकही पुढे होऊन म्हणाला नाही, "गप रं, ठेव मोबाईल." मीही उशिरा म्हणालो. पोरं गेली, पण मुली त्याआधीच उठल्या होत्या, अर्धी भेळ कठड्यावर ठेवून. ती अर्धी भेळ या आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूरच्या पाहुण्यानं ताटात टाकून जावं, अशी आपली ख्याती नव्हती.

तिकडे गेलेल्या आपल्या माणसांनाही हेच लागू. नऊवारी नेसा, फेटा बांधा, कपाळाला गंध लावा, कोणाची पर्वा करू नका. पण रविवारी दुपारी ढोल बडवायचा असेल तर ज्या देशात रविवार म्हणजे शांततेचा दिवस, तिथे आधी विचारा. जर्मनीत रविवारी भिंतीला ड्रिल लावत नाहीत, रिकाम्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून. ऑफिसात सहा जण बसलेले असताना दोघांनी मराठीत कुजबुजून हसू नये. घरात पुरणाचा, फोडणीचा वास सुटला तर तो आपला, त्याबद्दल मान खाली घालायचं कारण नाही. जिन्यातला गोंगाट मात्र जिन्यातल्या सगळ्यांचा.

तात्यांच्या लेकीनं हे अनुभवलं आहे. पहिल्या वर्षी घरच्या गणपतीला दहा-पंधरा माणसं जमली, टाळ, टाळ्या, मोठ्यानं आरती. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवून गेली. लेक चिडली, तात्यांना फोन करून रडली, तात्याही इथून चिडले. दुसऱ्या वर्षी लेकीनं आठ दिवस आधी एक चिठ्ठी लिहून प्रत्येकाच्या टपालपेटीत टाकली: अमुक दिवस, संध्याकाळी अमुक वेळ, अर्धा तास आवाज होईल, तुम्हीही या. म्हातारी आली. तिच्या नेहमीच्या पँट-शर्टातच आली, बूट मात्र दाराबाहेर काढून आली. आरती होईपर्यंत हात जोडून उभी राहिली आणि जाताना दोन मोदक डब्यात घेऊन गेली. हे तात्यांनीच मला सांगितलं, रंकाळ्याच्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी, स्वतःहून दारात येऊन. फार काही बोलले नाहीत. "त्ये येगळं न्हाई वाटत मला आता," एवढंच.

काल त्यांच्याबरोबर गांधीनगरला गेलो. लेकीच्या मंडळाला यंदाच्या गणपतीसाठी फेटे आणि नऊवारी पाठवायच्या होत्या. दुकानदारानं गादीवर थान उलगडलं, तात्यांनी कापड बोटांनी चोळून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं, दहा फेटे मोजून बाजूला ठेवले. मध्येच विचारलं, "त्या पोलंडच्या बायका हितंच ऱ्हायच्या व्हय?" मी म्हटलं, इथेच, याच जागेवर बराकी होत्या. त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. आता तिथे सिमेंटचा स्लॅब आहे आणि पंखा.

बिल करायच्या आधी दुकानदार म्हणाला, "अजून काही?" तात्या म्हणाले, खालच्या मजल्यावरच्या बाईला काहीतरी पाठवायचं आहे. दुकानदारानं लगेच साड्यांचा गठ्ठा पुढे ओढला, हिरव्या काठाची एक वर काढली.

"साडी नगं," तात्या म्हणाले. "तिला शालच बरी पडंल. तिकडं थंडी लई असती."